तळातला नमुना

आमच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही गोष्टीवर पहिल्या नजरेत विश्वास ठेवलेला नाही. यात दूध आलं, भाजी आली, पंचांग आलं, हवामान खातं आलं, आणि मी तर आलोच आलो. प्रत्यक्ष देव समोर उभा राहिला तर ते आधी नमस्कार करतील, पण मग हळूच मागच्या बाजूनं एक चक्कर मारून येतील, अशी माझी खात्री आहे. जयनगरातली ती सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते आणि त्यांच्या पत्नीला अक्का म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. मला ते तम्मा म्हणतात, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. हे नातं मला सहजासहजी मिळालेलं नाही; त्यासाठी मी तीन वेळा तपासला गेलो आहे.

झालं असं की पाच वर्षांपूर्वी मी सर्जापूर रोडवर एका फ्लॅटमध्ये, माझ्या निम्म्या वयाच्या दोन जोडीदारांबरोबर राहत होतो. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिण्याची. मूळ गाव निपाणी. पंचेचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा माणूस जयनगरात भाड्यानं घर शोधतोय म्हटल्यावर दलालसुद्धा फोन उचलेनासे झाले होते. अण्णांनी मात्र मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्न का झालं नाही तेही विचारलं नाही. ‘बघू’ म्हणाले आणि पत्ता लिहून घेतला. पुढच्या मंगळवारी सकाळी सात वाजता माझ्या दारावर थाप पडली. अण्णा आत आले, स्वयंपाकघरातल्या फळीच्या खालच्या बाजूनं बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि निघून गेले. दहा दिवसांनी भर दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी तापानं पडलेलो, जोडीदार गावाला गेलेले, आणि मोरीत दोन दिवसांची भांडी. आता हे घर गेलं, असं समजून मी पांघरूण डोक्यावर ओढलं. अण्णांनी भांडी पाहिली, त्यातलंच एक पातेलं घासून मला कॉफी करून दिली आणि घराची किल्ली उशाशी ठेवली. म्हणाले, एकदा बघून माणूस कळत नाही, तीन वेळा बघायचं, तेही न सांगता. शिवाय आजारी माणसाच्या मोरीत भांडी पडलेलीच असायला हवीत; घासलेली दिसली असती तर घर दिलं नसतं.

हे सगळं त्यांच्या नोकरीनं केलं होतं. चाळीस वर्षं ते बेंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात तपासनीस होते. यंत्राचे सुटे भाग पेट्यांमधून त्यांच्यापुढे यायचे, आणि प्रत्येक पेटीतले थोडे भाग काढून, मोजून, पेटी पास की नापास ते अण्णा ठरवायचे. पेटी भरणारे फोरमन लोकही काही दुधखुळे नव्हते. ते उत्तम भाग वरच्या थरात मांडायचे आणि उणे-अधिक तळाला सारायचे. अण्णांनी पहिल्याच महिन्यात हे ओळखलं आणि पेटी उघडण्याआधी उलटी करायची पद्धत पाडली. वरचा थर तुमचा, तळाचा माझा, असं ते फोरमनला सांगत. तपासणीच्या वेळाही ते रोज बदलत, कधी सकाळी आल्या आल्या, कधी जेवणाची घंटा व्हायच्या आत. या सगळ्यामागं त्यांचं एक सूत्र होतं, आणि ते त्यांनी मला किमान शंभर वेळा ऐकवलं असेल: “मालाला कळता कामा नये, तम्मा, की आज तपासणी आहे.”

माणूस निवृत्त झाला तरी पेट्या उलट्या करायची खोड जात नाही. लग्नाच्या जेवणात वाढप्यानं बिसिबेळे भाताचं पातेलं आणलं की अण्णा त्याला डाव तळापर्यंत घालायला लावत. तळाशी लागला असेल तर तो तिथंच कळतो म्हणे. थंडीत अवरेकाई, म्हणजे आपल्या पावट्याच्या जातीच्या शेंगा, बाजारात आल्या की ते कोपऱ्यावरच्या शेंगवालीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालत आणि अगदी जमिनीलगतची मूठभर शेंग वर काढत. तेवढ्यात वरचा ढीग रस्त्यावर पसरे आणि ती बाई कानडीत त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी करी. तिनं त्यांचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं होतं. माझं मराठीही त्यांनी तपासून घेतलं. त्यांचे पूर्वज मराठी फौजेबरोबर साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, त्यामुळे खरं जुनं, बिनभेसळीचं मराठी आमच्याच घरात टिकलं, तुमच्या निपाणीचं नंतरचं, असं त्यांचं ठाम मत. हे मत ते “स्वल्प ऐक की रे, तुमच्या मराठीत सगळी मिक्सिंग आहे” अशा शब्दांत मांडत, आणि मी ते निमूट ऐकून घेत असे. घरमालकाशी भाषाशुद्धीवर वाद घालू नये, एवढी अक्कल निपाणीतही असते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाईंनी अण्णा आणि अक्कांना एक-एक छोटी डबी दिली. डबीत अंगठ्याएवढी बाटली, बाटलीत थोडं पाणी, आणि बाटलीच्या झाकणालाच चिकटवलेली एक खाचांची काडी. शौचाला दोन-चार ठिकाणी काडी घासायची, ती बाटलीत घालून झाकण लावायचं आणि प्रयोगशाळेत द्यायचं, एवढीच तपासणी. मोठ्या आतड्यात कधीकधी कोंब उगवतात, त्यांचा काही वर्षांनी कर्करोग होऊ शकतो, आणि ते थोडं थोडं रक्त सोडत असतात. ते रक्त डोळ्यांना दिसत नाही, पण या बाटलीला कळतं. कळलं की मग दुर्बीण घालून बघायचं. कोंब असेल तर तो तिथल्या तिथं खुडता येतो, आणि रोग जरी निघाला तरी लवकर सापडलेला बरा होण्याचा संभव फार. काही त्रास नसलेल्या माणसानंसुद्धा एका वयानंतर दर वर्षी हे करावं, असं बाईंनी सांगितलं. अण्णा ती डबी घेऊन तडक माझ्याकडे जिना चढून आले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा एक डॉक्टर आपल्या खात्यातली भेटली, असं म्हणाले. डबीतलं सूचनापत्रक त्यांनी भिंग लावून वाचलं आणि लाल पेन्सिलीनं त्यात दोन दुरुस्त्या केल्या.

खरी पंचाईत पुढेच होती. नमुना घ्यायचा तर खाली कागद अंथरायला हवा. अण्णांनी वर्तमानपत्र घेतलं, तर अक्कांनी ते हातातून ओढून घेतलं. पहिल्या पानावर कुठल्याशा देवळाच्या रथाचा फोटो, मागच्या पानावर राशिभविष्य, मधल्या पानावर श्रद्धांजलीच्या जाहिराती. यातल्या कशावरही तसलं काही होऊ द्यायला त्या तयार नव्हत्या. अर्धा तास दोघं नवरा-बायको पुरवणीसकट सगळा पेपर चाळत बसले. शेवटी देव नाही, ग्रह नाही, मेलेला माणूस नाही असं एकच पान सापडलं, आणि ते म्हणजे सर्जापूर रोडवरच्या एका नव्या इमारतीची पानभर जाहिरात. दोघांनी ते मधोमध फाडून वाटून घेतलं. अक्कांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी, कोथिंबीर निवडून ठेवावी इतक्या सहज, आपला नमुना घेतला आणि त्या आंघोळीला गेल्या.

त्या दिवशी प्रयोगशाळा बंद होती. नमुना थंड जागी ठेवा, असं पत्रकात लिहिलेलं. अण्णा बाटली घेऊन फ्रिजकडे वळले मात्र, अक्का फ्रिजपुढे येऊन उभ्या राहिल्या. आत दोशाचं पीठ होतं आणि नैवेद्याचं दूध होतं. ही बाटली आत जाणार असेल तर मी माहेरी जाते, म्हणाल्या. माहेर दोन गल्ल्या पलीकडे असल्यामुळे ही धमकी खरी असायची. तेव्हा अण्णांनी अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली एका मोठ्या मडक्यात लहान मडकं बसवलं, मधे ओली वाळू भरली, आत बाटली ठेवली, वर ओलं फडकं टाकलं आणि थर्मामीटर लटकवला. शेजारी इंग्रजीत पाटी लावली की नमुना आहे, हात लावू नये. संध्याकाळी फुलवाली आली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण झाडाखाली वाळूत बसवलेला, फडक्यानं झाकलेला घट तिला ओळखता येत होता. तिनं चप्पल काढली, मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, एक हार त्यावर वाहिला आणि दोन्ही गालांना हात लावून ती निघून गेली. हे कळल्यावर अक्का दोन दिवस अण्णांशी बोलल्या नाहीत. मी मात्र माझ्या खोलीत जाऊन पोट धरून हसलो.

अण्णांचा नमुना काही लवकर येईना. आज हुळी, म्हणजे चिंचेची आमटी, जरा जास्त आंबट झाली होती म्हणून नको, आज अमावास्या म्हणून नको, आज पोट स्वल्प बिघडलंय म्हणून नको. खाण्यापिण्याचं काही पथ्य नाही असं बाईंनी सांगितलं होतं, तरी त्यांनी बीट सोडलं, मिरची सोडली, केळीच्या गाभ्याची कोशिंबीर सुरू केली. असे नऊ दिवस गेले. तपासनीस माणूस, नमुना शास्त्रशुद्ध घेत असेल, असं मी समजलो. दहाव्या दिवशी बाटली गेली. दोघांचे अहवाल आले आणि दोन्ही बाटल्यांत रक्त नव्हतं. मला वाटलं, अण्णा ते कागद चौकट करून भिंतीवर लावतील. त्यांनी ते कपाटात साड्यांच्या खाली ठेवले.

पण त्यानंतर त्यांच्या अंगात आलं. रोज सकाळी पार्कात फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना बाकावर बसवून ते त्या काडीवर बोलू लागले. त्यांच्या बरोबरीच्या माणसांना हा विषय म्हणजे मोठं संकट. एक निवृत्त हेडमास्तर होते, ज्यांनी त्या वस्तूचं नाव आयुष्यात तोंडातून काढलं नव्हतं. फार झालं तर ते ‘ते’ म्हणत. अण्णांनी त्यांना कोंडीतच पकडलं. पोरांच्या पाठीमागं छडी घेऊन फिरताना लाज वाटली नाही, मग आता का वाटते, असं विचारलं. डोळ्यांना दिसायची वाट बघू नका, दिसायला लागतं तेव्हा कधीकधी उशीर झालेला असतो, हे त्यांचं पालुपद. डिसेंबर संपेपर्यंत पार्कातल्या निम्म्या मंडळींच्या घरी डब्या पोचल्या होत्या, आणि गल्लीतल्या बायका अण्णा दिसले की पदराआड हसत होत्या. अण्णांना त्याचं काही नव्हतं.

हेडमास्तरांच्या बाटलीत रक्त सापडलं. दोन दिवस त्यांच्या घरी सुतक असल्यासारखं वातावरण होतं. मग दुर्बीण झाली. आत एक कोंब निघाला, तो त्याच वेळी काढून टाकला, आणि तपासणीत कळलं की त्याचा अजून रोग झालेला नव्हता, पुढे मात्र होऊ शकला असता. संक्रांतीच्या आसपास एका शनिवारी हेडमास्तर म्हैसूरपाकाचा डबा घेऊन अण्णांकडे आले. मी खालीच होतो. अण्णांपेक्षा चार वर्षांनी मोठा माणूस, पण त्यांनी वाकून अण्णांच्या पायाला हात लावला. म्हणाले, तुमच्यामुळे वाचलो. अण्णांनी पाय मागे घेतले. अक्कांनी डबा उघडून पुढे केला, आणि मी जे पाहिलं ते मला अजून आठवतं. अण्णांनी वरच्या थरातला, अगदी पहिला तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. खालचा थर बघितला नाही, तूप किती ते दाबून बघितलं नाही, काहीच नाही. त्या घरात राहायला आल्यापासून मी असं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी माझ्या दाराची कडी वाजली. कडी वाजवून येणं हे अण्णांचं काम नव्हे. ‘येऊ का’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मला धडकीच भरली. आत येऊन ते खुर्चीवर बसले. फळीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

“तम्मा,” ते म्हणाले, “एक पेटी पास झाली आहे. ती नापास करायची.”

“कुठली पेटी?”

“माझी.”

मग त्यांनी सांगितलं. दसऱ्यापासून तीनदा त्यांना शौचाबरोबर रक्त दिसलं होतं. चांगलं लाल, डोळ्यांना दिसणारं. पहिल्यांदा त्यांनी ते बिटाच्या पल्याच्या, म्हणजे सुक्या भाजीच्या, माथी मारलं, दुसऱ्यांदा मूळव्याधीच्या, तिसऱ्यांदा कुणाच्याच नाही. मग ती डबी आली. नऊ दिवस ते शास्त्रासाठी थांबले नव्हते, रक्त न दिसण्याच्या दिवसासाठी थांबले होते. तसा दिवस आला तेव्हाही त्यांनी काडी जिथं सगळं स्वच्छ दिसत होतं तिथंच, एकाच जागी, हलकेच टेकवली होती. पुढे दोन महिने ते पार्कात डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तावर बोलत राहिले, आणि दिसलेलं रक्त कुणाला सांगितलं नाही.

“चाळीस वर्षं मी पकडलं त्या लोकांना,” ते म्हणाले. “वर चांगला माल मांडणाऱ्यांना. एका फोरमनची बढती माझ्यापायी गेली. तो चोर आहे असंच मी धरून चाललो. तो भीत होता रे. एवढंच होतं ते.”

मला त्यांचा राग आला, हे कबूल करतो. ज्या माणसानं मला तीनदा तपासून घरात घेतलं, त्यानं स्वतःला एकदाही नीट बघू नये? ओरडावंसं वाटलं. पण समोर बसलेला माणूस इतका लहान दिसत होता की माझा राग तिथंच विरला, आणि मग फक्त भीती राहिली. त्यांना काही झालं तर मला या शहरात तम्मा म्हणणारं कुणी उरणार नव्हतं. अक्कांना सांगितलं का, असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी त्यांचा हात धरला आणि दोघं जिना उतरून खाली गेलो.

अक्का परातीत अवरेकाई सोलत होत्या. अण्णांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अक्का ऐकत होत्या, पण त्यांचे हात थांबले नाहीत. हातातली शेंग पुरी सोलून त्यांनी दाणे परातीत टाकले.

“नऊ दिवस लागले तेव्हाच मला कळायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “मी फ्रिजच्या नादात राहिले.” मग उठून त्यांनी हात धुतले, साडी बदलली आणि मला रिक्षा बोलवायला सांगितली. दवाखाना चालत तीन मिनिटांवर होता, पण त्या दिवशी कुणीच चालायचं म्हटलं नाही.

डॉक्टरीणबाईंचं घर दवाखान्याच्या वरच, म्हणून रविवार असूनही त्या खाली आल्या. अण्णांचं म्हणणं एकच: नवी डबी द्या, या वेळी नमुना खरा घेतो, अक्का साक्षीला आहेत. बाईंनी सगळं ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. ही काडी ज्याला काही दिसत नाही त्याच्यासाठी, म्हणाल्या. तुम्ही डोळ्यांनी रक्त बघितलंत, मग ते बाटलीला काय विचारायचं? तुमचं काम आता थेट दुर्बिणीशी. शिवाय प्रामाणिकपणे घेतलेल्या नमुन्यातूनही कधीकधी रक्त निसटतं, म्हणूनच ही तपासणी दर वर्षी करायची, आणि मधे काही दिसलं तर अहवाल काय म्हणतो ते बघत बसायचं नाही. अण्णा शाळकरी पोरासारखे ऐकत होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले की ही बाई कारखान्यात असती तर मी तिच्या हाताखाली काम केलं असतं. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

दुर्बिणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पाण्यात कालवून पेल्यामागून पेले प्यायचं असतं. अण्णांनी पाकिटावरची तारीख तपासली, चव घेतली आणि ही जगातली एकमेव तपासणी असेल की जिथं मालाला आदल्या दिवशी कळवावं लागतं, असं म्हणून ते न्हाणीघरात गेले. संध्याकाळपर्यंत ते तिकडेच होते, आणि अक्का दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूला गाठ सापडली. तिचे तुकडे तपासायला गेले आणि उत्तर आलं ते आम्हाला नको होतं तेच. पण पुढच्या तपासण्यांत ती गाठ आतड्याबाहेर पसरल्याचं कुठं दिसलं नाही. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, आणखी वर्षभर थांबला असता तर मी हे इतक्या शांतपणे सांगत बसलो नसतो. अण्णांनी त्यांना विचारलं, तुकडे किती ठिकाणचे घेतले होते, आणि तळाचा घेतला होता ना. डॉक्टरांनी न हसता होय म्हटलं. अक्का मात्र त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या आणि मग लगेच रडल्या.

शस्त्रक्रियेसाठी अण्णा इस्पितळात होते तेव्हा एकदा अक्कांसाठी म्हणून मी शेंगवालीकडे गेलो. हंगाम सरत आला होता, ढीग बसका झाला होता. इन्स्पेक्टर कुठं आहेत, असं तिनं विचारलं. मला कानडीत आतड्याला काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना, म्हणून मी नुसता पोटावर हात ठेवून आडवी रेघ मारून दाखवली. तिनं बाही वर सारली, ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि अगदी तळातली शेंग काढून माझ्या पिशवीत भरली. वरचा ढीग रस्त्यावर पसरला, तो तिनं तसाच राहू दिला.

गेल्या वर्षी मी सर्जापूर रोडवर स्वतःचं छोटं घर घेतलं. अण्णांना जाहिरात नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावला, इमारतीचं नाव दोनदा वाचलं आणि गंभीरपणे म्हणाले की या इमारतीशी त्यांचा जुना संबंध आहे. दोघांनी फाडून वाटून घेतलेलं ते पान आठवायला मला एक क्षण लागला, आणि मग आम्ही तिघं इतके हसलो की अक्कांनी त्यांना टाके आठवा म्हणून दटावलं, टाके भरून वर्ष झालं होतं तरी. निघताना अण्णांनी मला एक डबी दिली. मला पन्नासावं लागलं होतं. रात्री ती मी तीनदा उघडली आणि तीनदा बंद केली, हे मी इथं लिहून ठेवतो, कारण अण्णांची भीती तेव्हा मला नीट कळली. पण मी दिवस निवडला नाही. पहिल्याच सकाळी, जिथं बघायला नको वाटत होतं तिथंच काडी फिरवली. अहवाल चांगला आला.

नव्या घरी आल्यावर पंधराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी सातला दारावर थाप पडली. अण्णा आत आले, फळीच्या खालून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि गेले. दुसरी भेट चार महिन्यांनी झाली, बरोबर अक्का होत्या. अण्णा बरेच वाळले होते, फळीपर्यंत जायच्या आधी खुर्चीवर टेकले. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, पुढच्या तपासण्याही स्वच्छ आल्या आहेत. पण एकाहत्तराव्या वर्षी तेवढी मोठी शस्त्रक्रिया अंगातलं काही ना काही घेऊन जातेच, आणि त्या वाहतुकीतून दोन-दोन तास रिक्षात बसवायला अक्का आता तयार नाहीत. तिसरी भेट राहिली आहे. फोनवर मी म्हटलं, तपासणी राहू दे अण्णा, सांगून या, नुसते भेटायला या.

“बेडा, नको,” ते म्हणाले. “सांगितलं की तू फळी पुसशील.”

मागच्या वेळी तिसऱ्या भेटीत कॉफी त्यांनी केली होती, म्हणजे आता माझी पाळी. जयनगरच्या दुकानातून पूड आणून ठेवली आहे. महिन्याभरात तिचा वास जातो, मग मी पुन्हा ताजी आणतो. अशी पाचवी पुडी आता डब्यात आहे. फळी मात्र मी पुसत नाही. अण्णा येतील तेव्हा ती जशी असेल तशीच त्यांना दिसू दे.